गोधडी : घरच्या कापडातून घरच्या माणसासाठी

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरून हाताच्या धावदोऱ्याने एकजीव केलेले पांघरूण किंवा अंथरूण. दुलईत आणि रजईत कापूस भरलेला असतो, गोधडीत नसतो. तिची ऊब थरांच्या मध्ये अडकलेल्या हवेतून येते आणि तिचा टिकाऊपणा टाक्यांतून. कोल्हापूर-सातारा भागात तिला वाकळ म्हणतात. सिल्लोडच्या आसपास गोधडी हाच शब्द रुळलेला आहे आणि तान्ह्या बाळासाठी शिवलेल्या छोट्या गोधडीला दुपटे म्हणतात.

अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेला सिल्लोड तालुका कापसाचा आणि मक्याचा. इथे गोधडीचे काम शेतीच्या कामांना धरून चालते. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी, पुढे रब्बीची सुगी, आणि शेत मोकळे झाले की चैत्र-वैशाखात पापड, कुरडया, शेवयांच्या जोडीने गोधड्या शिवायला निघतात. तेव्हा ऊन कडक असते, जमीन कोरडी असते, धुतलेले कापड तासाभरात वाळते आणि पसरलेले काम दोन-चार दिवस तसेच ठेवता येते. मृगाचा पाऊस सुरू झाला की हे काहीच साधत नाही. म्हणून पहिल्यांदा गोधडी करणाऱ्याने होळीच्या सुमारास कापड जमवायला लागावे आणि मृगाआधी काम संपेल असा बेत धरावा.

आधी माणूस, मग कापड

घरात साचलेल्या कपड्यांचा ढीग समोर ओढून लगेच कात्री लावण्याची घाई होते. तिथेच काम बिघडते. गोधडी कुणासाठी, हे आधी ठरले की लांबी-रुंदी, थर, वजन, कापडाचा पोत आणि टाक्यांमधले अंतर या सगळ्या गोष्टी आपोआप ठरत जातात.

तान्ह्या बाळाचे दुपटे साधारण ७५ बाय ९० सेंटीमीटरचे असावे. त्याला दोन, फार तर तीन थर पुरतात. मऊ झालेले धोतर, मलमल, वायलचे पातळ एवढेच कापड त्यासाठी घ्यावे. जर, टिकल्या, हुक, बटणे, लोंबणारे दोरे यांतले काहीही त्यात राहू देऊ नये. एक वर्षाच्या आतील बाळाच्या अंगावर जड पांघरूण घालणे किंवा झोपेत तोंडावर येईल असे सैल कापड जवळ ठेवणे धोक्याचे असते. म्हणून दुपटे पातळच हवे, आणि बाळ एकटे झोपलेले असताना ते पांघरायला वापरू नये.

शाळकरी मुलासाठी १.१० बाय १.६० मीटर आणि चार-पाच थर पुरेसे होतात. मोठ्या माणसाच्या एकेरी गोधडीची तयार लांबी २.२० मीटर आणि रुंदी १.३० मीटर असावी. पांघरायची असेल तर पाच-सहा थर आणि अंथरायची असेल तर आठपर्यंत थर घालावेत. आठाच्या पुढे हाताची सुई नीट उतरत नाही, टाका वरच्या वर राहतो आणि बोटे सोलवटतात.

शिक्षणासाठी संभाजीनगरला किंवा पुण्याला वसतिगृहावर राहणाऱ्या मुलामुलींना चार थरांची गोधडी बरी. ती बॅगेत मावते, एका बादलीत भिजते आणि दोरीवर एका दिवसात वाळते.

आजी-आजोबांसाठी वजनाचा विचार सर्वांत महत्त्वाचा. जुन्या सुती साडीचा एक थर एकेरी मापात पाव किलोच्या थोडा पुढे भरतो, चादरीचा त्याहून जास्त. पाच थरांची गोधडी दीड किलोच्या आसपास जाते, आठ थरांची सव्वादोन-अडीच किलोवर. वयस्कर माणसाला झोपेत एवढे ओझे बाजूला सारणे जड जाते. त्यांच्यासाठी एक जाड गोधडी करण्यापेक्षा तीन थरांच्या दोन हलक्या गोधड्या कराव्यात. थंडी वाढली की दोन्ही घेता येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाखाली घालायच्या गोधडीत जाड शिवणी, गाठी आणि एकावर एक आलेली ठिगळे मुळीच नसावीत. पाठीला आणि कमरेला ती रुततात व कातडी सोलवटण्याची भीती असते.

कापड निवडणे

जुन्या घरात गोधडीचे कापड म्हणजे नऊवारी लुगडी, पातळे, धोतरे आणि पंचे. आजच्या घरात त्यांच्या जोडीला चादरी, गाऊन, परकर, सदरे, ओटीत आलेले ब्लाऊजपीस आणि शिंप्याकडचे कात्रण असते. यातले सगळेच उपयोगाचे नसते.

पहिली कसोटी धाग्याची. कापडाच्या कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. टेरिकॉटमध्ये दोन्हीचे मिश्रण असते, त्याची राख खरखरीत लागते. गोधडीच्या दोन्ही पाठी, म्हणजे अंगाला लागणारे थर, निव्वळ सुतीच असावेत. पॉलिस्टर घाम शोषत नाही, गुळगुळीत असल्याने थर सरकतात आणि उन्हाळ्यात ते अंगाला चिकटते. ओटीतले बरेचसे ब्लाऊजपीस याच जातीचे असतात, म्हणून ते तपासल्याशिवाय घेऊ नयेत. टू बाय टूचे सुती ब्लाऊजपीस आणि त्यांच्या अस्तराचे कात्रण मात्र उत्तम चालते.

दुसरी कसोटी ताकदीची. कापड दोन्ही हातांत वीतभर अंतरावर धरून आडवे आणि उभे ताणावे. थोड्या ताणाने चरकले तर ते वरच्या पाठीला घेऊ नये. उजेडासमोर धरल्यावर जिथे जाळी दिसते तो भाग कापून टाकावा. साडी निऱ्यांच्या खालच्या काठाशी, सदरा कोपरांवर आणि गळपट्टीवर, पायजमा गुडघ्यांवर आधी विरतो. साडीचा आत खोचलेला पदराविरुद्धचा भाग बहुधा सर्वांत शाबूत सापडतो.

तिसरी कसोटी सारखेपणाची. एका गोधडीत साधारण एकाच जाडीचे आणि जवळपास सारखेच वापरलेले कापड घालावे. नवे पॉपलिन आणि विरलेले पातळ शेजारी शेजारी जोडले, तर पहिल्याच धुण्यात नवे कापड आटते आणि जुने त्याच्या कडेने फाटते. होजिअरीचे बनियन आणि टी-शर्ट ताणले जातात, त्यांच्यामुळे आत वळकट्या होतात. जीन्सचे कापड हाताच्या सुईला दाद देत नाही. त्याची गोधडी करण्यापेक्षा मशीनवर बसण्याची आसने शिवावीत.

कापसाच्या मुलखात घरचा कापूस आत भरण्याचा मोह होतो. पण शेतातून आलेल्या कापसातली सरकी काढावी लागते, मग तो पिंजून घ्यावा लागतो, आणि एवढे करून भरला तरी पाण्यात टाकल्यावर त्याचे गोळे होतात. तसे पांघरूण उन्हात टाकून वापरता येते, धुता येत नाही. लहान मुले आणि आजारी माणसे यांच्यासाठी धुता येणारी गोधडीच सोयीची.

कुणाचे कापड घ्यायचे, हाही घरातला प्रश्न असतो. आजोबांच्या धोतराचे नातवाला दुपटे, आईच्या लुगड्याची लेकीला गोधडी, असे आवर्जून केले जाते. मात्र गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नाहीत, अशी अनेक घरांची रीत आहे, तर काही घरांत त्यांचीच गोधडी हवी असते. तेव्हा कात्री लावण्याआधी घरच्यांना विचारावे.

धुणे, उसवणे, रंग पाहणे

निवडलेले सगळे कापड, नवे कात्रणही, आधी धुवावे. नवे सुती कापड पहिल्या एक-दोन धुण्यांत आटते, ते गोधडीत गेल्यावर आटण्यापेक्षा आधीच आटलेले बरे. लाल, काळे, गर्द निळे आणि मेंदी रंगाचे कापड वेगळे भिजवून ओले असतानाच त्यावर पांढरे फडके घासून पाहावे. फडक्याला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावे. मिठाच्या पाण्यात घातले की रंग पक्का होतो, या समजुतीवर विसंबून राहू नये. चार-पाच पाण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड दुपट्यासाठी आणि पांढऱ्या पाठीच्या गोधडीसाठी बाद समजावे.

वाळल्यावर कपडे उसवावेत. साडीचा फॉल काढून टाकावा. तो बहुधा वेगळ्या धाग्याचा असतो आणि साडीबरोबर आटत नाही. सदऱ्यांच्या गळपट्ट्या, खिसे, जाड शिवणी, चेन, हुक आणि इलॅस्टिक कापून बाजूला काढावे. बटणे डब्यात जातात. राहिलेल्या सपाट कापडाला इस्त्री करून तीन ढीग लावावेत : मोठे आणि मजबूत तुकडे दोन्ही पाठींसाठी, मोठे पण विरलेले आतल्या थरांसाठी, आणि लहान पण चांगल्या रंगाचे ठिगळांसाठी.

मापाचा हिशेब

साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा वार म्हणजे सुमारे १.१५ मीटर रुंद असते. तिचे १.३५ मीटरचे चार तुकडे पडतात. दोन तुकडे काठाला काठ जोडले की सुमारे २.२५ बाय १.३५ मीटरची एक पाठ होते, उरलेल्या दोन तुकड्यांची दुसरी. कडा आत दुमडल्यावर गोधडी २.२० बाय १.३० मीटरची उतरते. म्हणजे साडी शाबूत असेल तर एकीतच एकेरी गोधडीच्या दोन्ही पाठी निघतात. विरलेले भाग कापावे लागले तर प्रत्येक पाठीला एक साडी धरावी आणि उरलेले आतल्या थरांना वापरावे.

नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. त्याचे २.०५ मीटरचे चार तुकडे केले की त्याच पद्धतीने दोन मीटर रुंद आणि २.२० मीटर लांब अशा दुहेरी गोधडीच्या दोन्ही पाठी होतात. लुगड्याचे भक्कम विणलेले काठ कापून टाकू नयेत. त्यांची पट्टी गोधडीच्या चारी बाजूंना लावली तर कडा वर्षानुवर्षे टिकतात, कारण गोधडी सगळ्यात आधी कडेलाच फाटते.

सुई-दोरा

पाच-सहा सेंटीमीटर लांबीची, जाड दोरा सहज ओवला जाईल अशा नाक्याची सुई घ्यावी. पोती शिवायचा दाभण कापडाला भोके पाडतो, तो वापरू नये. मधल्या बोटात अंगुस्तान असल्याशिवाय सहा थरांतून सुई ढकलू नये.

दोरा जाड आणि सुतीच असावा. पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा दोरा तुटत नाही, पण त्यामुळेच तो जुन्या कापडाला कापत जातो. ताण आला की आधी दोरा तुटावा आणि कापड वाचावे, हे धोरण बरे. तुटलेला टाका पुन्हा घालता येतो, चिरलेले कापड सांधता येत नाही. दोरा एका वेळी हातभरच घ्यावा आणि मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यावा. त्याने तो गुंतत नाही आणि पिसत नाही.

किती दोरा लागेल याचाही अंदाज काढता येतो. २.२० बाय १.३० मीटरच्या गोधडीत ओळींमध्ये अडीच सेंटीमीटर अंतर ठेवले तर शिवणीची एकूण लांबी ११५ मीटरच्या घरात जाते. थरांतून वर-खाली होण्यात आणि गाठींत जाणारा दोरा धरून दीडशे मीटर हाताशी ठेवावा. अंतर चार सेंटीमीटर केले तर शिवण सत्तर-बहात्तर मीटरवर येते. काम लवकर आटोपते, पण आतले तुकडे सैल राहतात.

थर लावणे

जागा झाडून, पुसून कोरडी करावी. सारवलेली जमीन असेल तर खाली एक चादर घालावी. खालची पाठ उलटी बाजू वर करून पसरावी, चारी कोपऱ्यांवर वीट, वरवंटा असे काही वजन ठेवावे आणि कापड ताणून पण न खेचता सपाट करावे.

तिच्यावर आतले थर येतात. आतले तुकडे एकमेकांवर चढवायचे नसतात, कडेला कड भिडवायची असते. जिथे दोन कडा एकमेकींवर येतात तिथे गाठीसारखी जाडी तयार होते आणि सुई अडते. दोन थरांतले सांधे एकाच जागी येऊ नयेत. विटांच्या भिंतीत जसा खालचा सांधा वरच्या विटेखाली झाकला जातो, तसे खालच्या थराचे सांधे वरच्या अखंड तुकड्याखाली गेले पाहिजेत. आतले थर चारी बाजूंनी पाठीपेक्षा तीन सेंटीमीटर आत ठेवावेत, म्हणजे कडा दुमडायला जागा उरते. सर्वांत विरलेले कापड मधल्या थरात जावे. शेवटी वरची पाठ सुलटी बाजू वर ठेवून पसरावी. तिचा मधला जोड खालच्या पाठीच्या जोडाच्या बरोबर वर येणार नाही, असा हातभर सरकवून घेता आला तर उत्तम.

नंतर कच्चे टाके घालावेत. ते मध्यातून सुरू करून चारी कडांकडे, मग चारी कोपऱ्यांकडे आणि शेवटी वीत-वीत अंतरावर आडवे न्यावेत. प्रत्येक ओळीआधी तळहाताने कापड मध्याकडून बाहेर सारत जावे, म्हणजे आतली हवा आणि चुण्या बाहेर निघतात. या पायरीवर एक तास वाचवला तर पुढे फुगवटे उसवण्यात चार तास जातात. कच्च्या टाक्यांना वेगळ्या रंगाचा दोरा वापरला की शेवटी तो ओळखून काढणे सोपे जाते.

ठिगळांची मांडणी

वरची पाठ अखंड साडीची ठेवता येते किंवा लहान तुकड्यांची करता येते. तुकड्यांची करायची तर दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग सारख्या मापाचा. पुठ्ठ्याचा १५ सेंटीमीटरचा चौकोन कापून त्यावरून तुकडे आखावेत, प्रत्येक बाजूला एक सेंटीमीटर शिवणीला सोडावे, आधी ओळी जोडाव्यात, मग ओळींना ओळी. शिंप्याकडचे कात्रण यात चांगले खपते. हे जोडकाम मशीनवर केले तरी चालते.

दुसरा मार्ग मिळेल त्या मापाचा. यात तुकडे आधी जोडत नाहीत. अखंड पाठीवर एका कोपऱ्यापासून ठिगळ ठेवायचे, त्याची कड आत दुमडायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालत ते पक्के करायचे. पुढचे ठिगळ त्याच्या कडेवर थोडे चढवायचे आणि असे कडेकडेने मध्याकडे यायचे. उत्तर कर्नाटकातल्या कौद्या आणि कारवारच्या घाटावरच्या सिद्दी समाजाच्या गोधड्या याच पद्धतीने शिवल्या जातात. वेडेवाकडे आणि लहान-मोठे तुकडे वाया न घालवता वापरायचे असतील तर हाच मार्ग सोपा, कारण मापाची बांधिलकी राहत नाही.

रंगांबाबत एक सोपा नियम पुरतो. गडद आणि फिके तुकडे आलटून पालटून यावेत आणि एकच रंग सगळीकडे विखुरलेला असावा, म्हणजे कापड कितीही मिसळलेले असले तरी मांडणी बांधीव दिसते. डोक्याकडच्या बाजूला वेगळ्या रंगाची एक ठळक पट्टी लावावी. पायाकडची बाजू तोंडावर घेऊ नये, हा घरोघरचा दंडक त्या पट्टीने अंधारातही पाळता येतो. डोक्याकडच्या कडेला तेलाचे डाग पडतात, म्हणून ती पट्टी वेगळी उसवून बदलता येईल अशी लावावी.

शिवण

शिवण धावदोऱ्याची. टाका अर्धा ते पाऊण सेंटीमीटरचा, वर जेवढा दिसेल तेवढाच खाली. डावा हात गोधडीच्या खाली ठेवून सुईचे टोक प्रत्येक वेळी बोटाला जाणवले पाहिजे, नाहीतर खालचा थर सुटून जातो. सुईवर तीन-चार टाके एकदम घेऊन दोरा ओढावा. कापडावर हलकीशी खळी पडेल एवढाच ताण द्यावा. जास्त ओढले तर गोधडी आक्रसते आणि चौकोनी राहत नाही.

सुरुवातीची गाठ बाहेर दिसू देऊ नये. सुई दोन थरांच्या मधून नेऊन हलका झटका दिला की गाठ आत अडकते. दोरा संपताना दोन उलटे टाके घालून टोक आतच सोडावे.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी शिवण कडेने सुरू होते. चारी बाजूंनी एक चौकट, तिच्या आत थोडे अंतर सोडून दुसरी, अशी गोधडी आत आत भरत येते. एकेरी गोधडीत अडीच सेंटीमीटर अंतराने अशा सुमारे सव्वीस चौकटी होतात. एकापेक्षा जास्त बायका चार बाजूंना बसून एकच गोधडी शिवू शकतात, हा या पद्धतीचा मोठा फायदा. तोटा असा की सैल कापड हळूहळू मध्याकडे सरकते आणि शेवटी तिथे फुगवटा उरतो. त्यावर दोन उपाय आहेत. चार-पाच चौकटी झाल्या की गोधडी पुन्हा जमिनीवर पसरून हाताने सपाट करावी, आणि तरीही मध्यात सैलपणा राहिला तर त्याची बारीक चुणी घालून वर एक चौकोनी ठिगळ लावावे. मध्यभागी दिसणारे ते सुंदर ठिगळ शोभेइतकेच या कामालाही येते.

ज्यांना पहिल्याच गोधडीत हा फुगवटा नको असेल त्यांनी सरळ समांतर ओळी घालाव्यात. पहिली ओळ लांबीच्या मध्यावर घालून मग तिच्या दोन्ही बाजूंना कडांकडे जात राहावे. दुपट्यासाठी हीच रीत बरी. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी यांतही धावदोराच असतो, फक्त थर थोडे आणि टाका बारीक. दोन-तीन थरांच्या दुपट्यावर तसा बारीक टाका घालून मोर, बाहुली किंवा बाळाचे नाव काढता येते. सहा थरांवर त्याचा हट्ट धरू नये.

सराईत हात तासाला तीन-चार मीटर शिवण घालतो. त्या हिशेबाने एकेरी गोधडीला तीस-चाळीस तास लागतात. रोज दीड-दोन तास काढले तर ती तीन-चार आठवड्यांत होते. बारशासाठी, लग्नाच्या रुखवतासाठी किंवा कुणी परगावी निघण्याआधी ती हवी असेल तर दिवस मागे मोजून सुरुवात करावी.

कडा, कोपरे आणि खूण

कडा बंद करण्याचे दोन प्रकार. दोन्ही पाठींच्या कडा आत दुमडून समोरासमोर आणाव्यात आणि त्यांवरून दोन ओळी घालाव्यात, हा साधा प्रकार. लुगड्याच्या काठाची किंवा तिरप्या कापलेल्या कापडाची पाच-सहा सेंटीमीटरची पट्टी दोन्ही बाजूंना येईल अशी दुमडून शिवावी, हा टिकाऊ प्रकार. कोपरे ओढले जातात म्हणून त्यांवर त्रिकोणी दुहेरी ठिगळ लावावे.

काही घरांत गोधडी पुरी होण्याआधी हळद-कुंकू लावून तिच्या पोटात पोळीचा तुकडा ठेवतात. गोधडी उपाशी राहू नये, म्हणजे पांघरणाराही उपाशी राहणार नाही, ही भावना. कारवारकडच्या सिद्दी बायकाही मधल्या ठिगळाखाली तांदळाचे दाणे ठेवतात. ही रीत पाळायची असेल तर अगदी लहान, कडक वाळवलेला तुकडा कापडाच्या चिंधीत गुंडाळून ठेवावा, नाहीतर मुंग्या आणि उंदीर गोधडी कुरतडतात. दुपट्यात खाण्याचे काही ठेवू नये, हळदीचे बोट पुरे.

मागच्या बाजूला एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचा छोटा तुकडा लावून त्यावर साखळी टाक्याने नाव, साल आणि कुणाकुणाचे कापड आहे ते काढावे. एका घरात एकसारख्या गोधड्या वाढल्या की ही खूण कामाला येते. शेवटी कच्चे टाके काढून टाकावेत.

मशीन किंवा दुसऱ्याचा हात

वेळ नसेल तर गोधडी मशीनवर शिवता येते. चार थरांपर्यंत घरचे मशीन झेपते. सुई जाड लावावी, टाका मोठा ठेवावा आणि ओळी पाच-सहा सेंटीमीटर अंतराने घालाव्यात. मशीनचा टाका घट्ट बसतो, त्यामुळे थरांतली हवा कमी होते आणि गोधडी हातशिलाईपेक्षा कडक व थोडी कमी उबदार होते. थर लावणे आणि कच्चे टाके घालणे घरी करून फक्त शिवण बाहेर द्यायची, हा मधला मार्ग.

मजुरी देऊन हाताने शिवून घ्यायची असल्यास कापड धुऊन, उसवून, इस्त्री करून द्यावे आणि तीन गोष्टी आधी ठरवाव्यात : तयार माप, थरांची संख्या आणि ओळींमधले अंतर. मजुरीतला फरक मुख्यतः अंतरावर असतो. एका बोटाच्या अंतराची गोधडी दोन बोटांच्या गोधडीच्या दुप्पट शिवण मागते, तेव्हा तिचा मोबदलाही त्या मानाने द्यावा.

धुणे आणि दुरुस्ती

भिजलेली गोधडी कोरडीच्या दुपटीहून जड होते, म्हणून ती पिळू नये. पिळल्याने दोरे तुटतात. साध्या पाण्यात आणि सौम्य साबणात अर्धा तास भिजवून पायाने तुडवावी, आडवी दुमडून पाणी निथळू द्यावे आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. एका दोरीवर टाकली तर मधोमध ताण येतो. पाच थरांपुढची गोधडी घरच्या वॉशिंग मशीनमध्ये घालणे टाळावे. मराठवाड्यात घटस्थापनेआधी दसरा काढतात, म्हणजे घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुतात. पूर्णा आणि खेळणा नद्यांना पाणी असते तेव्हा हे काम गोधड्यांसाठी सोयीचे, पण ढगाळ दिवस टाळावेत. आतले थर दमट राहिले तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. वाळलेली गोधडी कडुनिंबाचा सुका पाला घालून ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, जुन्या सुती कापडात गुंडाळावी.

वर्षातून एकदा, धुतल्यावर, गोधडी उजेडात पाहावी. टाका सुटलेला दिसला तर त्याच दिवशी घालावा. कड झिजली तर नवी पट्टी लावावी, पाठ फाटली तर वर ठिगळ द्यावे. ठिगळाचे कापड मूळ पाठीइतकेच जुने असावे. दोन्ही पाठी विरल्या आणि आतले थर शाबूत असले तर गोधडी न उसवता तिच्यावर दोन्ही बाजूंनी दुसरी साडी चढवून शिवण घालता येते. मात्र त्याने वजन वाढते, म्हणून अशी दुरुस्त केलेली गोधडी पांघरायला न ठेवता अंथरायला घ्यावी.